फिडेल कॅस्ट्रोने क्युबा जिंकला ते समजलं, पण हातात ठेवला कसा?

रानमोगरा_फोंडा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एकजण कुठल्यातरी देशाच्या इतिहासावर बोलतो, यावेळी पाळी माझी आणि मी क्युबा घेतलाय. वाचताना एका जागी अडकलेय.

२ डिसेंबर १९५६ ला ग्रान्मा नावाच्या छोट्या बोटीतून फिडेल धरून ८२ जण मेक्सिकोहून येऊन क्युबाला लागले. लागले म्हणजे काय, खारफुटीत रुतले. चोडणला फेरीने जाताना काठावर मुळं वर आलेली झाडं दिसतात ना, तसल्या चिखलातून खांद्यावर बंदूक घेऊन चालायचं. तीन दिवसांनी सैन्याने गाठलं आणि सिएरा माएस्त्राच्या डोंगरात पोचेपर्यंत जेमतेम वीसेक माणसं उरली. तिथून २५ महिन्यांत क्युबाचा हुकूमशहा बॅटिस्टा देश सोडून पळाला. हे नवल आहेच, पण मला खरा प्रश्न पुढचा आहे. जानेवारी १९५९ ला फिडेल ना राष्ट्राध्यक्ष होता ना पंतप्रधान, दुसरे पुढारीही होते, मग २००६ ला आजारी पडेपर्यंत सगळं एकाच माणसाच्या हातात राहिलं कसं? बाबा म्हणतात लोकांचं प्रेम, काका म्हणतात बंदूक, आणि जेवायला बसलं की दोघांचा हाच वाद. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

मास्तर_डिचोली
चांगला प्रश्न विचारलास गो. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातून जे पक्कं बसलंय ते सांगतो. सुरुवात १९५९ पासून नको, थोडं मागून कर.

बॅटिस्टाविरुद्ध फिडेल एकटा लढत नव्हता. विद्यार्थ्यांचा पुढारी होसे आंतोनियो एचेवेरिया १३ मार्च १९५७ ला, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर हल्ला झाला त्याच दिवशी मारला गेला. सांतियागो शहरात चळवळ उभी करणारा फ्रांक पाइस ३० जुलै १९५७ ला पोलिसांच्या गोळीने गेला, वय २२. म्हणजे फिडेलच्या तोडीची दोन तरुण माणसं सत्ता येण्याआधीच गेली. मग एप्रिल १९५८ ला फिडेलच्याच चळवळीतल्या शहरातल्या लोकांनी सार्वत्रिक संपाची हाक दिली आणि ती साफ फसली. त्यानंतर ३ मेला डोंगरातच बैठक झाली, तिच्यात शहरवाल्यांना भरपूर बोल लावले आणि चळवळीची सगळी सूत्रं, शहरातल्या पथकांसकट, फिडेलकडे आली. बाहेर कोणाला पत्ताही नाही, पण माझ्या मते अर्धी सत्ता त्या दिवशीच आली, बॅटिस्टाच्या विरोधात नव्हे, स्वतःच्याच लोकांत.

आता जानेवारी बघ. १ तारखेला बॅटिस्टा पळाला तेव्हा जनरल कांतियो नावाच्या सेनाधिकाऱ्याने मधल्यामध्ये हंगामी सरकार बसवायचा घाट घातला होता, फिडेलने बंडखोरांच्या रेडिओ रेबेल्देवरून देशभर संपाची हाक दिली आणि तो डाव दोन दिवसांत मोडला. स्वतः मात्र घाईने राजधानी हवानाला गेला नाही! सांतियागोहून निघून गावोगावी थांबत, भाषणं करत, आठवड्याने ८ जानेवारीला पोचला. त्या रात्री हवानातल्या कोलंबिया नावाच्या लष्करी छावणीत भाषण चालू असताना पांढरं कबुतर खांद्यावर येऊन बसलं, तो फोटो सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच भाषणात त्याने काय केलं ते कोणी सांगत नाही. एचेवेरियाच्या संघटनेच्या पोरांनी शस्त्रं उचलून विद्यापीठात नेऊन ठेवली होती. फिडेलने हजारो लोकांसमोर, टीव्हीवर, त्यांना विचारलं की आता शस्त्रं कशाला, कोणाशी लढायला? बायाबापड्या युद्धाला कंटाळलेल्या, सगळा देश ऐकतोय. थोड्याच दिवसांत त्या पोरांनी शस्त्रं परत दिली, एकही गोळी न झाडता. तुझ्या बाबांचं आणि काकांचं, दोघांचंही उत्तर यात आहे बघ.

कुळागर
मास्तरांनी राजकारण सांगितलं, मी जमिनीचं सांगतो कारण आमच्या घरात ते रोजचं आहे.

आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात कूळ. त्यांना विचारलं की गोवा मुक्तीनंतर तुम्हाला नेमकं काय मिळालं तर ते झेंडा नाही सांगायचे, ते सांगायचे की १९६४ ला कूळ कायदा आला आणि 'उद्यापासून शेतात पाय ठेवू नको' असं म्हणायची भाटकाराची सोय गेली. त्या सरकारला त्यांनी मरेपर्यंत मत दिलं. पत्र्याच्या पेटीत खंड भरल्याच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या, अजून आहेत, शाई फिकी झालीय. मालकी मात्र अजून नावावर नाही, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय, तरी त्या पावत्या आम्ही कोणाला हात लावू देत नाही.

हे डोळ्यासमोर ठेवून १७ मे १९५९ चा क्युबाचा जमीन सुधारणा कायदा वाचा. साधारण ४०० हेक्टरच्या वरची जमीन काढून घेतली (काही ऊस-भाताच्या मळ्यांना जास्त सूट होती), आणि कसणाऱ्या कुळाला साधारण २७ हेक्टरपर्यंत फुकट. पण माझ्या मते मेख कायद्यात नाही, तो राबवायला काढलेल्या संस्थेत आहे. इन्रा नाव तिचं, राष्ट्रीय जमीन सुधारणा संस्था, अध्यक्ष फिडेल. ही संस्था जमीन वाटायची, कर्ज द्यायची, गावात दुकानं उघडायची, रस्ते घरं बांधायची. मंत्रिमंडळ हवानात फायलींवर सह्या करत बसलं आणि खरं सरकार इन्राच्या जीपमधून गावात फिरू लागलं. शेतकऱ्याच्या हातात जो कागद पडला तो फिडेलच्या संस्थेचा, मग तो मंत्र्याचं कशाला ऐकेल? शहरवाल्यांना त्याच्या आधीच मार्चमध्ये घरभाडं निम्म्यापर्यंत कमी करून दिलेलं. याला मी नुसतं प्रेम म्हणणार नाही, आणि बंदूक तर नाहीच.

म्हादई_काठ
माफ करा पण दुसरी बाजू कोणी मांडतच नाहीय म्हणून लिहितोय. उबेर मातोस हे नाव तुझ्या भाषणात यायलाच हवं. डोंगरात लढलेला माणूस, कामाग्वे प्रांताचा लष्करी प्रमुख. कम्युनिस्टांचा शिरकाव वाढतोय म्हणून ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याने राजीनाम्याचं पत्र पाठवलं, बंड नाही, फक्त राजीनामा. त्याला अटक करायला फिडेलने कोणाला पाठवलं तर कामिलो सिएनफुएगोसला, लोकांचा लाडका कमांडर. मातोसला २० वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्याने पूर्ण भोगली. कामिलो त्याच महिन्यात २८ तारखेला कामाग्वेहून हवानाला परतताना विमानासकट नाहीसा झाला, तुकडासुद्धा सापडला नाही. दरवर्षी २८ ऑक्टोबरला शाळेतली पोरं समुद्रात, नदीत फुलं सोडतात. मी तो फोटो पाहिलाय, गणवेशातली लहान लहान मुलं आणि पाण्यावर फुलं, आपल्याकडे पाण्यात दिवे सोडतात तसं काहीसं वाटतं. बघून पोटात कालवतं.

आणि मग एकेक दार बंद. १९६० ला जुनी वर्तमानपत्रं संपली, २८ सप्टेंबर १९६० पासून गल्लोगल्ली 'क्रांती रक्षण समिती', म्हणजे शेजारी कोण येतंजातं यावर शेजाऱ्याचीच नजर. निवडणुका घेऊ म्हणाले होते, त्या पुढे ढकलल्या त्या ढकलल्याच. आपल्याकडे मुक्तीनंतर दोन वर्षांत, डिसेंबर १९६३ ला लोकांनी मत दिलं, नको ते सरकार पुढे पाडता येईल अशी सोय झाली, हा फरक मला फार मोठा वाटतो. आजोबांच्या पावत्या मलाही कळतात भावा, पण जमीन देणाऱ्याला उद्या 'चुकलास' म्हणायची मुभा नसेल तर काय करायचं?

मास्तर_डिचोली
म्हादई बाब, मातोसबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य, तिथे माझाही जीव अडतो. फक्त त्याच्या तीन महिने आधीची एक संध्याकाळ सांगतो, कारण मला वाटतं सगळं तिच्यात आहे.

राष्ट्राध्यक्ष होते मानुएल उरुतिया, सरळ न्यायाधीश, फिडेलनेच पुढे केलेले. फेब्रुवारीत फिडेल पंतप्रधान झालेला. उरुतिया उघडपणे कम्युनिस्टांविरुद्ध बोलू लागले. १७ जुलै १९५९ ला सकाळी पेपरात बातमी, फिडेलने पंतप्रधानपद सोडलं. लोक हवालदिल. राष्ट्राध्यक्षांना काढा असं तो म्हणाला नाही, स्वतःच बाहेर पडला! संध्याकाळी टीव्हीवर येऊन त्याने उरुतियांवर एकेक आरोप केले, इकडे वाड्यासमोर गर्दी जमली आणि त्याच रात्री उरुतियांनी राजीनामा दिला. २६ जुलैला शेतकऱ्यांचे लोंढे हवानात आले आणि त्यांच्या आग्रहावरून फिडेल परत पंतप्रधान. नवे राष्ट्राध्यक्ष ओस्वाल्दो दोर्तिकोस, त्यांनी कधी आडवा शब्द काढला नाही. कुळागर म्हणतात तो जमिनीचा कायदा दोनच महिने जुना, म्हणून ते लोंढे आले. आणि उरुतियांसारख्यांकडे ना सैन्य ना पेपर, म्हणून मातोसला वाचवायला कोणी उरलं नाही.

अमेरिकेचंही धर. जुलै १९६० ला अमेरिकेने क्युबाकडून घ्यायच्या साखरेचा कोटा कापला, रशिया घ्यायला तयारच होता. १७ एप्रिल १९६१ ला क्युबाच्या बे ऑफ पिग्ज किनाऱ्यावर सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, शिकवलेले १,४०० च्या आसपास क्युबन निर्वासित उतरले, तीन दिवसांत हरले. त्यानंतर विरोध करणारा प्रत्येकजण 'अमेरिकेचा माणूस' ठरला. ज्यांना पटत नव्हतं ते मायामीला गेले, लाखांच्या घरात. विरोधकच देशात नाहीत म्हटल्यावर काय राहिलं.

रानमोगरा_फोंडा
देव बरें करो सगळ्यांना. बोट आणि खारफुटीपासून सुरुवात करणार होते, आता १७ जुलैपासूनच करते आणि मग मागे जाते. कुळागर, तुमच्या आजोबांच्या पावत्यांचं सांगितलं तर चालेल का? नाव नाही घेणार. आमच्या वाचनालयात येणारे निम्मे लोक कुळांच्याच घरातले, इन्रा म्हणजे काय ते त्यांना लगेच कळेल. आणि म्हादई_काठ, तो फुलांचा फोटो कुठे मिळेल तेवढं कळवा, मोठा छापून भिंतीला लावेन.

कुळागर
सांगा की. पावतीचा फोटो काढून पाठवतो, नावावर बोट ठेवून.