वर्गीकरण घ्याच!

एमएस्सी बॉटनीला वर्गीकरणशास्त्र (वनस्पती ओळखून त्यांचे गट लावणं) घेऊ की मॉलिक्युलर (डीएनएच्या पातळीवरचा अभ्यास), आणि वर्गीकरण आता जुनं झालंय का, असं तुम्ही विचारलंत. मला ते मुळीच जुनं वाटत नाही. डीएनए काढला तरी तो नेमका कोणत्या झाडाचा, हे सांगणारं माणूस लागतंच. गळून पडलेलं कंदीलपुष्प (सेरोपेजियाचं नळीसारखं फूल) मी एकदा ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली पाहिलं. नळीत खाली वळलेले केस! माशी आत शिरते, अडकते; केस सुकले की परागपुंज चिकटवून सुटते. त्या दिवशी माझा विषय ठरला.

मात्र सीएसआयआर नेटला (संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकीसाठीच्या परीक्षेला) बॉटनीचा वेगळा पेपर नाही, लाइफ सायन्सेस एकच. म्हणून जैवरसायन आणि पेशीशास्त्र पहिल्या सत्रापासूनच धरा. आणि पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) एकदा बघून याच.