रिअल इस्टेटमधलं एमबीए करावं का? (सांगली)

कुपवाडकर_बीकॉम: यंदा बी.कॉम. संपतंय. पप्पा प्लॉटचे एजंट आहेत, महारेराची (घर-जागेच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे. मला बिझनेस स्कूलमध्ये रिअल इस्टेट शिकायचंय. पप्पा म्हणतात, "जागेचा धंदा कुठं वर्गात बसून येतो का?" फी बघून मीपण दबकलेय. नेमकं शिकवतात काय?

विश्रामबागवाला: ताई, मी एमबीए फायनान्सला रिअल इस्टेट घेतलं होतं. आता पुण्यात एका बिल्डरकडं फिजिबिलिटी, म्हणजे प्रकल्प परवडेल का, ते बघतो.

पप्पांचं निम्मं खरंय. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, फेरफारातनं बहिणींची नावं कशी गेली, हे पप्पांइतकं कुठलंच कॉलेज शिकवणार नाही.

वर्गात शिकवतात ते पैशाचं आणि वेळेचं गणित. साठ लाखांचा फ्लॅट, भाडं बारा हजार. वर्षाला 1,44,000, म्हणजे 2.4 टक्के, तेही घरपट्टी-मेंटेनन्स जायच्या आधी. एफडीत याहून जास्त सुटतात. तरी लोक घेतात, कारण भाव वाढायची आशा. त्या आशेला आज किती मोजायचे, ते एक्सेलवर मांडायचं. बिल्डरचंही तेच: जमिनीचे पैसे आज गेले, परवानगी लांबली, व्याज चालूच. त्यात 2016 च्या रेरा कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. इथला पैसा तिथल्या जमिनीत फिरवायची सोय गेली, म्हणून हे गणित येणाऱ्या माणसाची गरज पडायला लागली. अमेरिकेत व्हार्टनला याचा स्वतंत्र विभागच आहे, इंग्लंडात रेडिंगच्या हेन्ली बिझनेस स्कूलमध्येही शिकवतात. (तिकडं तलाठी नसतो, एवढा फरक.)

प्रोजेक्टला विषय हवा तर आपली पूररेषा घ्या. निळी रेषा 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. 2019 ला पाणी कुठवर आलं ते सांगलीत शेंबडं पोरगंही सांगेल. पण त्यापायी त्या गल्लीतल्या फ्लॅटचा भाव किती उतरायला पाहिजे, हे कुणी मांडतंय का? मला तरी अजून कुणी भेटलं नाही.

मिरज_जंक्शन: कर्ज काढून फी भरणार असाल तर सांगलीत परत यायचं डोक्यातनं काढा. इथले बिल्डर म्हणजे भाऊ-भाऊ आणि एक मेहुणा, एमबीएवाल्याला पगार कोण देतंय? नोकऱ्या पुण्या-मुंबईत, सल्लागार कंपन्यांत नाहीतर गृहकर्जवाल्यांकडं.

विश्रामबागवाला: मेहुण्याचं बरोबर आहे. 😄 पण ताईंच्या घरी धंदा आहे की ओ.

कुपवाडकर_बीकॉम: दादा, बी.कॉम.वर घेतात का?

विश्रामबागवाला: साध्या एमबीएला घेतात, सीईटी द्या. बांधकामाकडं झुकलेल्या कोर्सला बऱ्याचदा इंजिनिअर नाहीतर आर्किटेक्ट लागतो, पात्रता वाचूनच अर्जाचे पैसे भरा. तोवर पप्पांचे जुने व्यवहार एक्सेलवर चढवा: कुठल्या सालचा, किती गुंठे, काय दरानं. मुलाखतीत बोलायला तेवढं पुष्कळ होतं.