पहिलं आधण उतरलं की कळवा

जुन्या गिऱ्हाइकांना मेल जातात, पण कोणी परत फिरकत नाही, अशी तुमची अडचण असेल तर ऐका. आमच्या गुळाचंही तेच व्हायचं. 'नोव्हेंबरची माहिती' असा विषय टाकल्यावर कोण उघडणार हो? मग कागलजवळच्या गुऱ्हाळावरूनच, रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ अंगावर घेत लिहिलं, 'पहिलं आधण उतरलं, रंग यंदा लालसर'. आधण म्हणजे काहिलीतली गुळाची एक खेप. दुपारपर्यंत पुण्याच्या एका काकूंनी गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, मागवले.

मोबाईलवर विषय अर्धाच दिसतो, त्यामुळं मुद्दा पहिल्या चार-पाच शब्दांत. इनबॉक्समध्ये त्याखाली दिसणारी ओळही बघा. आमच्यात तिथं महिनाभर 'मेल नीट दिसत नसल्यास' झळकत होतं!

'यादीतून काढा' मात्र लपवू नका. जीमेलनं २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर रोज ५००० किंवा जास्त मेल धाडणाऱ्यांना जाहिरात-मेलमध्ये ते एका क्लिकवर सक्तीचं केलंय. आपण पन्नासच धाडतो, पण वैतागलेला माणूस सरळ स्पॅम दाबतो.