प्रकाशवर्षाचे दोन मार्क

२०४ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजुषेचे पेपर मिळाले. आठव्या प्रश्नाला माझ्या मुलानं "प्रकाशवर्ष हे अंतराचं एकक" असं लिहिलंय. त्यावर लाल पेनाची फुली, आणि बाजूला "काळ" लिहून खाली दोन रेघा. कालपासून पोरगं नीट जेवलं नाही.

सेक्रेटरी: वहिनी नमस्कार. उत्तरपत्रिकेत "काळ" असंच आहे. कमिटीचा निर्णय अंतिम, हे मीटिंगमध्ये ठरलं होतं.

२०४ वहिनी: कमिटी म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. रांगोळीच्या वेळीही असंच झालं होतं.

४०३ वहिनी: रांगोळीचं आता कशाला? तेव्हा मी सॉरी म्हटलं होतं. आणि नावातच वर्ष आहे की! वर्ष म्हणजे काळच.

१०२ आजोबा: खालची मोटर कुणी चालू केलीय? तासभर आवाज यायलाय.

३०१ सर: नावामुळं फसायला होतं खरं. मुलांच्या कन्नड पुस्तकात ज्योतिर्वर्ष म्हणतात, तिथंही वर्ष आहेच. पण प्रकाश एका वर्षात पोकळीतून जेवढा जातो, तेवढं ते अंतर. कोल्हापूर किती लांब असं विचारलं तर आपण "दोन तास" म्हणतो की नाही? तसंच हे.

२०२ दादा: सर, दोन तास कधीचं सांगताय? परवा मला साडेतीन लागले. तवंदी घाटातच पाऊण तास उभा 😄

१०२ आजोबा: आम्ही त्यापरीस रेल्वेनं मिरजेला जायचो.

३०१ सर: दादा, मुद्द्याचं बोललात. गाडीचा वेग रोज बदलतो, म्हणून तासांवर भरवसा नाही. पोकळीत प्रकाशाचा वेग बदलत नाही. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन लाख किमी. वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं की अंतर येतं सुमारे ९.४६ लाख कोटी किमी.

२०४ वहिनी: म्हणजे मुलाचं बरोबर. दोन मार्क मिळणार की नाही?

४०३ वहिनी: मग सूर्य आठ मिनिटांवर असं शाळेत शिकवतात ते?

३०१ सर: तेही अंतरच, वहिनी. सूर्याचा उजेड आपल्याकडं यायला सुमारे ८ मिनिटं १९ सेकंद लागतात. सूर्यमालेत मोजायला खगोलीय एकक वापरतात, म्हणजे साधारण पृथ्वी-सूर्य अंतर. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं ते १४,९५,९७,८७०.७ किमी असं पक्कं केलं. गुरू सूर्यापासून ५.२ एककं, नेपच्यून ३०. पण एका प्रकाशवर्षात अशी ६३ हजारांवर एककं बसतात, म्हणून ताऱ्यांसाठी ती पट्टी तोकडी पडते.

२०२ दादा: माझी मुलगी विचारायलीय, पार्सेक म्हणजे काय?

३०१ सर: तिला हात लांब करून अंगठा उभा धरायला सांगा. आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. मागच्या खांबापुढं अंगठा सरकलेला दिसेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचे तारे असेच किंचित सरकतात. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर असंच काढलं. पृथ्वी-सूर्य अंतरामुळं तारा अंशाच्या ३६०० व्या भागाइतका सरकला, तर तो एक पार्सेकवर. म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

१०२ आजोबा: करून बघितलं. अंगठा पाइपवरून खांबावर गेला. बरोबर आहे सर.

२०२ दादा: आजोबा, मोटर 😄

२०४ वहिनी: सगळं कळलं. दोन मार्क मिळणार की नाही?

४०३ वहिनी: ते दोन मार्क दिले की माझ्या मुलाचा पहिला नंबर जातो. हे कुणी बोलत नाही.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नका.

४०३ वहिनी: मी वैयक्तिक झाले? पेपर तपासायला रात्री बारापर्यंत बसले मी. तेव्हा कुणी आलं नाही.

३०१ सर: वहिनी, तुमचे कष्ट आम्ही सगळ्यांनी बघितलेत. बक्षीस दोघांनाही द्या, माझी काही हरकत नाही. वाटल्यास दुसऱ्याचे पैसे मी देतो. पण उत्तर बदला. पोरं हाच पेपर जपून ठेवतात. उद्या शाळेत "काळ" लिहून आली तर त्यांना कुणी समजवायचं?

सेक्रेटरी: ठीक आहे. आठव्या प्रश्नाचं उत्तर "अंतर". ज्यांनी तसं लिहिलंय त्या सगळ्यांना दोन मार्क. पहिला नंबर विभागून.

२०४ वहिनी: धन्यवाद सर. सेक्रेटरीसाहेब, तुम्हालाही.

३०१ सर: आज आभाळ मोकळं आहे. आठच्या सुमारास मुलांना गच्चीवर आणा. दक्षिणेला सगळ्यात तेजस्वी तारा दिसेल तो व्याध, ८.६ प्रकाशवर्षांवर. ४०३ वहिनी, तुमची धाकटी साडेआठ वर्षांची ना? तिच्या जन्माच्या सुमारास निघालेला उजेड आज पोहोचतोय. तिला दाखवा.

४०३ वहिनी: खरंच?

३०१ सर: खरंच.

४०३ वहिनी: गच्चीची चावी कुणाकडं आहे?

१०२ आजोबा: माझ्याकडं. मोटर बंद करून येतो, मग देतो.