पंपाच्या कव्हरमधून पाझर: दाब दाखवणारी लाल फिल्म कोणी वापरली आहे का?

नमस्कार मंडळी,

आमचं शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे. पंपाच्या एका मॉडेलला हायड्रो टेस्टमध्ये (आत पाणी दाबून घेतलेल्या चाचणीत) ८ किलो प्रति चौ. सेंमी दाबाच्या पुढे कायम त्याच जागी, दोन बोल्टांच्या मधोमध घाम फुटतो. धार नाही, नुसते थेंब. फेस (टेकणारा सपाट भाग) परत मारून झाला, पॅकिंग (गॅस्केट) बदलून झालं. ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावला तर सगळीकडे छान उठतो. पण ब्लू टेकलंय एवढंच सांगतो, किती दाबलंय ते नाही.

गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याने फुजीफिल्मची प्रीस्केल, म्हणजे दाबाप्रमाणे लाल होणारी फिल्म, सुचवली. त्यात ग्रेड बरेच दिसतात. कोणता घ्यावा? पॅकिंगसकट लावायची की पॅकिंग काढून? सध्याच्या दमट हवेत रंग चुकीचा येतो का? मिस्त्रींचा आणखी एक प्रश्न: खोक्यांवर धक्का बसला की लाल होणारं स्टिकर असतं, त्यावर भागेल का?

पॅकिंग बाहेरून २४०, आतून २०० मिमी. एम-१२ चे ८ बोल्ट, २७० मिमीच्या पीसीडीवर (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास). टॉर्क ६० न्यूटन-मीटर.

टॉर्कपाना:
स्टिकरचा विषय सोडा. त्यातल्या नळीतलं लाल द्रव ठरावीक जी-च्या (गुरुत्वाच्या पटीत मोजलेल्या झटक्याच्या) वर धक्का बसला की पसरतं. सावकाश आवळलेल्या बोल्टाचा त्याला पत्ताही लागणार नाही.

आता हिशेब. कोरडा बोल्ट धरला तर ६० भागिले (०.२ हा घर्षणाचा गुणांक × ०.०१२ मीटर व्यास), म्हणजे एका बोल्टाला २५ किलोन्यूटन, आठांचे २००. पॅकिंगचं क्षेत्रफळ साधारण १३,८०० चौ. मिमी. सरासरी दाब साडेचौदा मेगापास्कल. टेस्टच्या मानाने हा भरपूर आहे, तेव्हा दाब कमी नाही, वाटणी बिघडली आहे. १०० मिमीच्या वर अंतरावर एम-१२ म्हणजे फारच विरळ बोल्ट. दोन बोल्टांच्या मध्ये कव्हर उचललं जात असणार.

सरासरीवरून एमडब्ल्यू ग्रेड (१० ते ५० मेगापास्कल) बरोबर वाटेल, पण तुम्हाला हवी ती जागा १० च्या खालीच असेल आणि तिथे ती पांढरीच राहील. म्हणून एलडब्ल्यूसुद्धा (२.५ ते १०) घ्या. बोल्टांजवळ ती पूर्ण लाल होईल, होऊ दे; मधला फिकट पट्टा वाचायचा.

पॅकिंग जागेवर ठेवूनच, त्याच्या आणि कव्हरच्या मध्ये फिल्म घाला. बोल्ट बाहेर आहेत, त्यामुळे नुसती रिंग कापली की झालं. ए आणि सी अशा दोन शीट असतात, त्यांचे लेप एकमेकांकडे तोंड करून हवेत. एकीवरच्या सूक्ष्म कुप्या फुटतात आणि दुसरीवर रंग उमटतो. कव्हर सरकलं तर घासूनही कुप्या फुटतात, म्हणून डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या पिनांवर) सरळ बसवा आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. शीट एकदाच चालते. दमट हवेत रंग फरक दाखवतो, त्यासाठी सोबत तापमान-आर्द्रतेचा तक्ता येतो. पण तुम्हाला आकडा कशाला हवाय? नकाशा पुरे.

रिंगची बाहेरची कड गडद आणि आतली फिकी आली तर कव्हर वाकतंय हे नक्की. जाडी किती आहे?

धागाकर्ता:
१४ मिमी, बिडाचं. विक्रेता अख्खा रोल घ्या म्हणतोय. कोल्हापूर-सांगलीकडे कोणाकडे एलडब्ल्यूचा तुकडा शिल्लक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पैसे देतो.