पहिल्या महिन्यातली गळती आणि कागदपत्रं

प्रशिक्षण संस्थेने तीन महिने शिकवूनही बायका महिनाभरात नोकरी सोडतात, त्यांच्यात चिकाटीच नसते, अशी तक्रार होते. चिकाटीचं काही पटलं नाही. बरीचशी गळती पहिला पगार अडकल्याने होते, आणि पगार अडकतो नावापायी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नावच गायब. नावं जुळत नाहीत म्हणून पीएफची (भविष्य निर्वाह निधीची) केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, फेटाळली जाते आणि ठेकेदाराला पगार पुढे ढकलायला आयतं निमित्त मिळतं.

सगळीकडे एकच नाव करून घेण्याचं काम प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावं. आधी विवाह नोंदणी दाखला, त्यावरून आधार, मग पॅन, शेवटी बँक. क्रम उलटा झाला की सगळ्या खेपा पुन्हा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून आधार केंद्रावर पडद्यावरचं स्पेलिंग बाईंनी स्वतः वाचल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ देऊ नये. नुसतं जन्मवर्ष छापलं असेल तर पूर्ण तारीखही त्याच खेपेत घालून घ्यावी. मोबाइल नंबर मात्र तिचा स्वतःचाच जोडावा. नाहीतर ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि तो बसलाय ड्यूटीवर!