तथ्यपडताळणी करणाऱ्यांना कोण तपासते?

चौकस:
आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संशयास्पद मजकूर आला की मी तथ्यपडताळणी करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाची लिंक देतो. गेल्या आठवड्यात काकांनी विचारले, "आणि या लोकांना कोण तपासते?" मला उत्तर देता आले नाही. ७ जानेवारी २०२५ रोजी फेसबुकच्या मालक कंपनीचे, म्हणजे मेटाचे, प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीही पडताळणी करणारे राजकीयदृष्ट्या पक्षपाती असल्याचे सांगून अमेरिकेत मेटाची त्रयस्थ (बाहेरच्या संस्थांकडून होणारी) पडताळणी बंद करण्याचे जाहीर केले. या संकेतस्थळांवर कितपत विसंबावे?

नीरक्षीर:
काकांचा प्रश्न रास्त आहे. कोरोना विषाणू प्रयोगशाळेत बनवला गेल्याचा दावा पॉलिटिफॅक्ट या अमेरिकी तथ्यपडताळणी संकेतस्थळाने सप्टेंबर २०२० मध्ये धादांत खोटा ठरवला आणि मे २०२१ मध्ये तो निकाल मागे घेतला. उगमाचा वाद तेव्हा मिटलेला नसताना "पुरावा अपुरा आहे" एवढेच म्हणणे प्रामाणिक ठरले असते. मात्र मला अधिक काळजी वाटते ती निवडीची. रोजच्या असंख्य विधानांतून कोणते तपासायला घ्यायचे हे संपादकच ठरवतात, आणि एकाच बाजूची विधाने सतत उचलली गेली तर प्रत्येक निकाल अचूक असूनही वाचकापुढचे चित्र कलते.

कायदेवाचक:
तपासणी अगदीच नसते असे नाही. पॉइंटर या अमेरिकी पत्रकारिता संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थांचे आंतरराष्ट्रीय जाळे निःपक्षपात, स्रोत, निधी, कार्यपद्धती आणि चुकांची उघड दुरुस्ती या पाच बाबींवर बाहेरच्या मूल्यमापकाकडून सदस्यांची पाहणी करून घेते. अर्थात २०१८ पासून पॉलिटिफॅक्टही पॉइंटरकडेच आहे, हे नजरेआड करू नये. पण म्हणून हे काम सरकारकडे सोपवणे मला त्याहून घातक वाटते. केंद्राने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून स्वतःच्याच कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार आपल्या तथ्यपडताळणी कक्षाला देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तेव्हा प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी सप्टेंबरमध्ये तो बदल घटनाबाह्य ठरवला.

चौकस:
दोघांचेही आभार. यापुढे ग्रुपवर केवळ निकालाची लिंक न देता त्यात दाखवलेला मूळ व्हिडिओ किंवा सरकारी कागद आधी स्वतः उघडून पाहीन आणि तोच काकांना पाठवीन. निवडीतला कल मात्र एकेक लेख वाचून कसा ओळखावा, हे मला अजून उमगलेले नाही. कोणी एखाद्या संकेतस्थळाचे वर्षभराचे निकाल पक्षनिहाय मोजून पाहिले असल्यास कृपया येथे लिहावे.